कॅडमियम-फ्री सिल्व्हर ब्रेझिंग रॉड कसा निवडायचा: नवीन लोकांसाठी

दुकानात जाऊन नुसतं "४५ टक्क्यांचा सिल्व्हर रॉड द्या" म्हटलं तर हातात नेमकं काय पडेल याचा काही भरवसा नाही, कारण ४५ टक्के चांदी असलेले निदान तीन वेगवेगळे रॉड असतात. एकात २४ टक्के कॅडमियम, दुसऱ्यात चांदीसोबत फक्त तांबं आणि जस्त, तिसऱ्यात तांबं-जस्तासोबत थोडं कथील. ५० टक्क्यांचीही तीच गत, एकात १८ टक्के कॅडमियम, दुसऱ्यात १६ टक्के कॅडमियम आणि थोडं निकेल, तिसरा २ टक्के निकेलवाला आणि तो पूर्ण कॅडमियम-फ्री. हे रॉड शेजारी ठेवले तर नवीन माणसाला काय, जुन्या माणसालाही नुसत्या डोळ्यांनी वेगळे सांगता येत नाहीत. म्हणून टक्क्यांपासून सुरुवात करायचीच नाही. आधी कुठले धातू जोडायचेत ते बघायचं, मग दोन भागांमधली फट म्हणजे गॅप किती, मग तो जॉइंट पुढे कशात राहणार, आणि टक्के सगळ्यात शेवटी.

हे लिहितोय ते एसी-फ्रिजचं काम शिकणाऱ्या आयटीआयच्या मुलांसाठी, छोट्या वर्कशॉपमध्ये कार्बाइडची टूल बनवणाऱ्यांसाठी, एसएसच्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, पाइपांचं काम नव्याने धरणाऱ्यांसाठी, आणि हौस म्हणून घरी टॉर्च घेऊन बसलेल्यांसाठी.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. दोन धातूंच्या मधे रॉड वितळवून ते जोडतात, त्या वितळणाऱ्या धातूला भरणा म्हणायचं. ४५० अंश सेल्सिअसच्या वर वितळणारा भरणा वापरला तर ते ब्रेझिंग, त्याच्या खाली ते सोल्डरिंग. बाजारात "सिल्व्हर सोल्डर" या नावाने कथलात तीन-साडेतीन टक्के चांदी घातलेली मऊ वायरही मिळते, ती साधारण २२१ अंशालाच वितळते आणि तिची ताकद वेगळी, काम वेगळं. या लेखात तिचा विषय नाही.

कॅडमियम रॉडमध्ये होतंच कशासाठी

जुने कारागीर कॅडमियमचा रॉड सोडायला तयार नसतात याला कारण आहे आणि ते खरं आहे. २४ टक्के कॅडमियमवाला ४५ चा रॉड, ज्याला बीएजी-१ म्हणतात, तो ६०७ अंशाला वितळायला लागतो आणि ६१८ ला पूर्ण पातळ होतो. म्हणजे मधे जेमतेम ११ अंश. एकदा जॉब गरम झाला की रॉड पाण्यासारखा पळतो. तेवढीच चांदी असलेला पण नुसता तांबं-जस्ताचा बीएजी-५ घेतला तर तो ६७७ ला सुरू होतो आणि ७४३ ला पूर्ण वितळतो. ज्याचा हात पहिल्यावर बसलाय त्याला दुसरा जड आणि हट्टी वाटणारच.

पण कॅडमियम ७६७ अंशाला उकळतं. ऑक्सि-अ‍ॅसिटिलिनच्या ज्योतीचं आतलं टोक ३००० अंशांच्या वर असतं. "माझा हात पक्का आहे, मी ओव्हरहीट करत नाही" असं कितीही म्हटलं तरी ज्योत जिथे रॉडला थेट लागते तिथे, पातळ कडेला, कोपऱ्यात, तापमान त्याच्या पुढे जातंच, आणि उकळण्याच्या आधीही वाफ निघत असतेच. ती वाफ हवेत लगेच कॅडमियम ऑक्साइड होते. खोकला येऊन माणूस लगेच बाहेर पळेल असंही होत नाही, आणि हाच सगळ्यात वाईट भाग आहे. त्रास सुरू होतो काही तासांनी, बऱ्याचदा घरी गेल्यावर. घसा कोरडा, अंग मोडून येणं, थंडी-ताप, छातीत जड वाटणं, सगळं फ्लूसारखं, आणि मग फुप्फुसाला सूज येऊन प्रकरण जिवावर बेतू शकतं. अशाने माणसं गेलेली आहेत. शिवाय थोडं थोडं रोज गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि तिथून निघायला दशकं लागतात, आणि ते कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात, म्हणजे पुरावा पक्का असलेल्यांच्या यादीत आहे.

आकडा हवा असेल तर हा बघा. अमेरिकेत १९९२ च्या नियमाने आठ तासांच्या सरासरीसाठी मर्यादा ठेवलीय एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम. दहा बाय दहाची खोली, उंची दहा फूट, त्यात साधारण २८ घनमीटर हवा. म्हणजे त्या अख्ख्या खोलीत ०.१४ मिलिग्रॅम कॅडमियम तरंगलं की मर्यादा गाठली. आणि बीएजी-१ च्या दहा ग्रॅमच्या एका रॉडमध्ये कॅडमियम असतं २४०० मिलिग्रॅम. बंद दुकानात शटर अर्धं ओढून पंखा लावून काम करणाऱ्याने हा हिशेब एकदा करावाच, आणि नुसता पंखा तो धूर खोलीतच फिरवतो हेही लक्षात घ्यावं.

युरोपात २०११ च्या नियमाने ब्रेझिंगच्या भरण्यात ०.०१ टक्के किंवा जास्त कॅडमियम असेल तर तो विकायलाच बंदी केली, संरक्षण, विमान आणि सुरक्षेची काही कामं सोडून. आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यांत केडीएम म्हणून जो टाका चालायचा त्यातही कॅडमियमच, आणि तो लावणारा कारागीर तोंडाशी फुंकणी धरून त्या धुराच्या सगळ्यात जवळ बसलेला असायचा. मला हे सगळं मनापासून सांगावंसं वाटतं कारण पर्याय आहेत, चांगले आहेत, आणि आठवड्याभरात हात बसतो.

पायरी १: कुठला धातू कुठल्याला जोडायचाय

तांबं तांब्याला जोडायचं असेल तर बहुतेक वेळा महागडा सिल्व्हर रॉड लागतच नाही. फॉस-कॉपर रॉड वापरा, म्हणजे तांब्यात फॉस्फरस, आणि त्यात चांदी शून्य, दोन, पाच किंवा पंधरा टक्के. फॉस्फरस स्वतःच ऑक्साइड ओढून घेतो म्हणून तांबं-तांब्याला फ्लक्सही (तापवताना धातूवरचा ऑक्साइड काढणारी पेस्ट) लागत नाही. यात कॅडमियमचा प्रश्नच नाही. पाइप नीट बसत असेल तर कमी चांदीचा चालतो, व्हायब्रेशन आहे किंवा गॅप थोडा सैल आहे तिथे पंधरावाला बरा. एका बाजूला पितळ असेल तर याच रॉडने होतं पण फ्लक्स लावायलाच लागतो.

पण लोखंड, स्टील, एसएस, निकेल यांना फॉस-कॉपर कधीच लावायचा नाही. फॉस्फरस लोखंडाशी मिळून काचेसारखा ठिसूळ थर तयार करतो. जॉइंट दिसायला एकदम मस्त, प्रेशरलाही कदाचित धरेल, आणि मग एखाद्या धक्क्याने किंवा कॉम्प्रेसरच्या थरथरीने कडेकडेने सुटून येईल. एसीवाल्यांनी इथे खास काळजी घ्यायची, कारण बऱ्याच कॉम्प्रेसरचा स्टब, म्हणजे पाइप जोडायची छोटी नळी, तांब्यासारखा दिसतो पण आत स्टील असतं, वरून नुसता तांब्याचा मुलामा. खिशात एक छोटं चुंबक ठेवा. स्टबला चिकटलं तर फॉस-कॉपर बाजूला ठेवायचा आणि सिल्व्हर रॉड आणि फ्लक्स काढायचा. ड्रायरचंही तसंच तपासा.

तांबं-स्टील, पितळ-स्टील, पितळ-पितळ, एमएस-एमएस (एमएस म्हणजे साधं माइल्ड स्टील), एसएस, कार्बाइड, या सगळ्यांना तांबं-जस्त-चांदीचा रॉड लागतो आणि खरी निवड इथे सुरू होते. अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम आणि मॅग्नेशियमला यातलं काहीही चालत नाही, त्यांचा संसार वेगळा आहे.

पायरी २: गॅप मोजा, कारण रॉड गॅपवर ठरतो

भरणा जॉइंटमध्ये जातो तो केशाकर्षणाने, ओतून नाही. त्यासाठी एका बाजूला ०.०५ ते ०.१३ मिलिमीटर गॅप हवा. कागदाच्या एका पानाची जाडी साधारण ०.१, म्हणजे तेवढाच. यापेक्षा घट्ट असेल तर फ्लक्सच आत जात नाही, सैल असेल तर भरणा आत टिकत नाही आणि ताकदही उतरते. आणि एकावर एक किती चढलं पाहिजे तर जो पातळ आहे त्याच्या जाडीच्या तिप्पट, हा जुना नियम बहुतेक ठिकाणी पुरतो.

आता गॅप थंड असताना मोजून उपयोग नाही, गरम झाल्यावर तो किती राहतो ते महत्त्वाचं. पितळ स्टीलपेक्षा जास्त फुगतं. ५० मिलिमीटर व्यासाच्या स्टीलच्या दांड्यावर पितळेची रिंग बसवली आणि ६५० अंशांनी गरम केली तर व्यासात साधारण ०.२२ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.११ ने गॅप वाढला. थंड असताना नीट वाटणारा जॉइंट ब्रेझिंगच्या वेळी दुपटीने सैल होतो. हेच उलटं, पितळ आत आणि स्टील बाहेर असेल तर गॅप बंद होतो आणि भरणा आत शिरतच नाही. छोट्या पाइपांना हे फार जाणवत नाही पण मोठ्या व्यासाला हमखास नडतं.

गॅप आणि रॉडचा संबंध असा की वितळायची सुरुवात आणि शेवट यात कमी अंतर असलेला रॉड पाण्यासारखा धावतो, बारीक गॅपला उत्तम, आणि जास्त अंतर असलेला रॉड लापशीसारखा घट्ट चालतो, सैल गॅप भरतो आणि बाहेर छान गोलाई देतो. पण त्या दुसऱ्या प्रकाराला हळूहळू गरम केलं तर आधी वितळणारा भाग पुढे निघून जातो आणि मागे न वितळलेला खडबडीत सांगाडा राहतो, मग कितीही तापवा तो हलत नाही. असा रॉड वापरताना शेवटचा टप्पा पटकन पार करायचा असतो.

आणि गॅप म्हणजे थेट पैसे. अर्धा इंची पाइप, ८ मिलिमीटर खोल सॉकेट, गॅप ०.१, तर आतली जागा भरते ३२ घन मिलिमीटर. १.६ मिलिमीटरच्या रॉडचा फक्त १६ मिलिमीटर तुकडा, वजनात ०.३ ग्रॅम. बाहेरची कड धरून २०-२५ मिलिमीटर धरा. गॅप ०.२ झाला की आतला आकडा सरळ दुप्पट. म्हणून स्वस्त रॉड शोधण्याआधी लेथवाल्याला माप नीट द्यायला सांगा, चांदी तिथे जास्त वाचते.

पायरी ३: आता रॉड

माझ्या मते छोट्या वर्कशॉपला तीन-चार रॉडच्या पलीकडे काही लागत नाही. अमेरिकन नंबर बीएजीने सुरू होतात, आयएसओ १७६७२ मध्ये एजी आणि तीन आकडी नंबर असतो, दुकानदाराला दोन्हीपैकी एक तरी कळतो, नाही कळला तर दुसरं दुकान बघा.

शिकायला सुरुवात करताना ५६ टक्केवाला घ्या, बीएजी-७ किंवा एजी १५६. चांदी ५६, तांबं २२, जस्त १७, कथील ५. ६१८ ला सुरू, ६५२ ला पूर्ण पातळ. कॅडमियमच्या रॉडच्या सगळ्यात जवळ हाच येतो, बारीक गॅपमध्ये सुरेख पळतो, आणि रंग पांढरट असल्यामुळे एसएसवर फार दिसत नाही. महाग आहे हे मान्य, पण शिकताना जॉब जळणं जास्त महाग पडतं, आणि पितळ ९०० च्या आसपास वितळायला लागतं त्यामुळे पितळेच्या बारीक फिटिंगला जितका कमी तापमानाचा रॉड तितकं सेफ.

रोजच्या कामाला ४५ टक्के कथीलवाला, बीएजी-३६ किंवा एजी १४५. साधारण ६४० ते ६८०. तांबं-पितळ, तांबं-एमएस, कॉम्प्रेसरचा स्टब, व्हॉल्व्ह, सगळं होतं. कॅडमियमच्या ४५ वरून ज्यांना बदलायचंय त्यांनी हाच घ्यावा. घेताना कथील आहे ना हे विचारा, नाहीतर तो मघाचा ६७७-७४३ वाला बीएजी-५ हातात येतो आणि माणूस दोन दिवसांत वैतागून "कॅडमियम-फ्री काही कामाचं नाही" असं सगळीकडे सांगत सुटतो. वाईट नाही तो, एमएसच्या जाड कामाला आणि चांगली कड हवी असेल तिथे छान आहे, पण बदलाची सुरुवात त्याने करू नका.

त्याच्या खाली ४० टक्के, बीएजी-२८, साधारण ६५० ते ७१०, आणि ३४ टक्के, एजी १३४, साधारण ६३० ते ७३०. चांदी जसजशी कमी तसतशी शेवटची तापमान रेषा वर जाते. ३० टक्क्यांचा नुसता तांबं-जस्तवाला ७६६ पर्यंत जातो, २५ टक्के कथीलवाला ७७९ पर्यंत. हे स्वस्त पडतात खरे पण तेवढं तापवण्यात गॅस, वेळ आणि फ्लक्स जातो, आणि पातळ तांबं नरम पडून जातं. हात बसल्यावर ४० किंवा ३४ वर उतरायला हरकत नाही, जड एमएसच्या कामाला खासकरून. त्याच्या खाली जायची घाई करू नका.

एसएसचा विषय थोडा खोल आहे. एसएसला ५६ टक्क्यांचा रॉड छान चिकटतो, चकाचक दिसतो, आणि कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतो. पण तोच जॉइंट सतत पाण्यात किंवा ओलाव्यात राहिला तर एसएस आणि भरणा यांच्या सीमेवर गंज सुरू होतो आणि काही महिन्यांत जॉइंट सीमेवरूनच सुटून हातात येतो, भरणा तसाच अखंड. तापवण्यात चूक नसते, रॉडची निवड चुकलेली असते. ओल्या जागेसाठी निकेलवाला रॉड घ्या. ५० टक्के चांदी, २ टक्के निकेल, बीएजी-२४, ६६० ते ७०७, हा टॉर्चवर सहज होतो. याहून पक्कं हवं असेल तर जस्तच नसलेला बीएजी-२१, चांदी ६३, कथील ६, निकेल २.५, बाकी तांबं, पण तो ६९१ ला सुरू होऊन ८०२ पर्यंत जातो, त्याला हात तयार हवा. मॅग्नेट लागणाऱ्या ४०० सिरीजच्या एसएसला हा गंजाचा धोका नेहमीच्या ३०४ एसएसपेक्षा जास्त. आणि ३०४ लाही लालभडक करून मिनिटभर धरून ठेवू नका, त्या तापमानात क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि आजूबाजूचा पट्टा गंजायला लागतो.

कार्बाइडच्या टिपांनाही निकेल लागतं कारण नुसता तांबं-जस्त-चांदीचा भरणा कार्बाइडवर नीट पसरून चिकटत नाही. छोट्या टिपेला बीएजी-२४ पुरतो. ४९ टक्के चांदी, साडेसात मँगनीज, साडेचार निकेलवाला बीएजी-२२ त्याहून चांगला धरतो, ६८२ ते ६९९. मोठ्या टिपेला अडचण वेगळी येते, स्टील कार्बाइडच्या दुप्पट फुगतं-आकसतं, त्यामुळे थंड होताना टिपेला तडा जातो. तिथे मधे तांब्याचा पत्रा आणि दोन्ही बाजूंना सिल्व्हर भरणा असलेली तीन थरांची पट्टी वापरतात, मधलं मऊ तांबं तो ताण झेलतं. आणि टूल झाल्यावर पाण्यात बुडवायचं नाही, कोरड्या चुन्याच्या भुकटीत किंवा राखेत पुरून हळूहळू गार होऊ द्यायचं.

पायरी ४: फ्लक्स

साध्या टाकणखाराने हे काम होत नाही, तो या तापमानाला नीट पातळ होत नाही. फ्लोराइडवाली पांढरी पेस्ट घ्या, ५६५ ते ८७० अंशांत काम करणारी. एसएस, कार्बाइड किंवा जाड जॉब असेल, म्हणजे तापायला वेळ लागणार असेल, तर बोरॉन घातलेली काळी पेस्ट, ती ९२५ पर्यंत तग धरते. पेस्ट वाळली असेल तर थोडं पाणी घालून ढवळा, टाकून देऊ नका. फ्लक्स चढवलेल्या रॉडवर एसएसचं काम करताना नुसत्या रॉडच्या फ्लक्सवर विसंबू नका, जॉबलाही वेगळा लावा. आणि त्या कोटिंगच्या रंगावरून रॉडची जात ओळखायला जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असतो.

कॅडमियम-फ्री झालं म्हणजे धूर सुरक्षित झाला असंही नाही. फ्लक्सच्या धुरात फ्लोराइड असतं, जास्त तापवलं की जस्ताचा पांढरा धूर येतो आणि त्याने संध्याकाळी ताप चढतो. धूर तोंडापासून लांब ओढून घेणारा एक्झॉस्ट पाहिजेच. रुमाल बांधून काही होत नाही. हाताला जखम असेल तर पेस्टला बोट लावू नका, ब्रश वापरा.

पायरी ५: विकत घेताना

तोंडी "कॅडमियम-फ्री आहे साहेब" यावर थांबू नका. बिलावर रॉडचा नंबर लिहून घ्या आणि कंपनीचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यात कॅडमियमची वेगळी ओळ असावी आणि तिथे ०.०१ टक्क्यापेक्षा कमी असं असावं. पाकिटावर धोक्याची सूचना आणि कॅडमियमचा उल्लेख असेल तर तो परत करा. सुटे, पाकीट नसलेले, रबर बँड लावलेले रॉड कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.

शंका आली तर एक सोपा मार्ग आहे. सोनाराकडे किंवा हॉलमार्किंग सेंटरवर सोनं तपासायचं एक्सआरएफ मशीन असतं. रॉडचा बोटभर तुकडा घ्या, वरचा फ्लक्स ठोकून काढा, धुवून पुसून तो मशीनमध्ये ठेवायला सांगा. थोड्या वेळात स्क्रीनवर चांदी, तांबं, जस्त, कथील आणि कॅडमियम यांचे टक्के येतात. ०.०१ टक्क्यापर्यंतचं बारीक माप त्यावर धरू नका, पण १८ किंवा २४ टक्के असेल तर ते लपत नाही. वर्षभराचा माल एकदम घेणाऱ्याने तरी हे जरूर करावं.

भाव विचारताना नगावर नाही, ग्रॅमवर विचारा. १.६ मिलिमीटर जाडीचा अर्धा मीटर रॉड साधारण ९ ग्रॅमचा, ४५ टक्क्यांचा असेल तर त्यात चांदी ४ ग्रॅमच्या आसपास. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाशी जुळवून बघितलं की रॉड संशयास्पद स्वस्त आहे का ते लगेच कळतं.

पायरी ६: पहिला जॉइंट

सरावाला पितळेचा सॉकेट आणि तांब्याचा पाइप घ्या. आधी तेल-ग्रीस काढा आणि मगच एमरी पेपर मारा, उलट केलं तर तेल धातूत घासलं जातं. दोन्हीकडे फ्लक्स लावा, बसवा, थोडं फिरवा. ज्योत मऊ, न्यूट्रल किंवा किंचित जास्त गॅसची, टोकदार सुसाट ज्योत नको. पितळेत शिसं असेल तर एकाच जागी जोरात तापवल्यावर तडकतं, म्हणून ज्योत सतत फिरती ठेवा, आणि जो भाग जाड तिथे जास्त वेळ.

आता फ्लक्सकडे बघत राहा, तोच तुमचा थर्मामीटर. आधी पाणी उडून तो फसफसतो, मग पांढरा फुगून पावडरसारखा बसतो, मग परत चिकट होतो, आणि ६०० अंशांच्या जवळ अचानक पाण्यासारखा पारदर्शक होऊन खालचा धातू स्वच्छ चमकताना दिसतो. अजून थोडं तापवा, ज्योत किंचित मागे घ्या आणि रॉडचं टोक जॉइंटच्या तोंडाशी टेकवा. रॉड जॉबच्या उष्णतेने वितळला पाहिजे, ज्योतीने नाही. बरोबर जमलं तर चांदीची एक चमकती रेघ पाइपाभोवती झर्रकन फिरते आणि आत ओढली जाते. गोळा होऊन बसला तर जॉब थंड आहे किंवा घाण आहे. ज्योत ज्या बाजूला न्याल तिकडे भरणा येतो, त्यामुळे आत ओढायचा असेल तर ज्योत सॉकेटच्या मागच्या टोकाकडे न्या. फ्लक्स काळा-हिरवा होऊन कडक झाला तर तो संपला, वरून रॉड ओतत बसू नका, गार करून साफ करून परत सुरू करा.

भरणा गोठला की, म्हणजे चमक मंद होऊन अर्धं मिनिट गेलं की, गरम पाण्यात टाका, फ्लक्सची काच तडकून सुटते, उरलेलं ब्रशने काढा. फ्लक्स राहिला तर तो पुढे धातू खातो, आणि लिकेज झाकून ठेवतो ते वेगळंच, आज टेस्टला पास आणि महिन्याभराने गळती. नंतर हा सरावाचा जॉइंट हॅकसॉने उभा चिरा आणि आत बघा भरणा कुठपर्यंत पोचलाय. बाहेरची कड कितीही देखणी असली तरी आत अर्धा रिकामा निघू शकतो, आणि हे चिरल्याशिवाय कळत नाही.

एसीच्या लाइनवर करताना पाइपातून नायट्रोजनचा अगदी हलका प्रवाह सोडा, नाहीतर आत काळी ऑक्साइडची पापुद्री धरते, ती सुटून कॅपिलरीत, म्हणजे एसीच्या बारीक नळीत, अडकते. त्याच्या आधी लाइनमधला थंडाव्याचा गॅस (आर-२२, आर-३२ वगैरे) पूर्ण काढून घेतलेला असावा. आर-२९० सरळ पेट घेतो, आर-३२ ही जळतो, आणि आर-२२ ज्योतीत गेला की त्याचे विषारी वायू होतात.

जुन्या जॉइंटला हात लावताना

नवीन रॉड बदलला तरी दुरुस्तीला येणारं काम जुनंच असतं. कुणी कुठल्या रॉडने केलंय माहीत नसेल तर कॅडमियम आहे असंच धरून चाला. तो जॉइंट परत तापवून सोडवू नका, ग्राइंडरही मारू नका. जॉइंटच्या थोडं मागून ट्यूब कटरने पाइप कापा आणि नवीन तुकडा नवीन रॉडने जोडा, तांब्याचे चार इंच जातील तेवढेच. कापता येण्यासारखं नसेल, महागडा व्हॉल्व्ह असेल, तर उघड्यावर, वारा धूर तुमच्यापासून लांब नेईल असं उभं राहून, धुराचा योग्य रेस्पिरेटर लावून करा, कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला चालत नाही.

दुकानात जुने रॉड पडले असतील तर "थोडेच उरलेत, संपवून टाकू" असं करू नका. ते वेगळ्या डब्यात ठेवा, वर मोठ्या अक्षरात कॅडमियम असं लिहा आणि शिकाऊ मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी बंद करा. त्यात चांदी आहे म्हणून भंगारात किंमत येते, पण घेणाऱ्याला त्यात कॅडमियम आहे हे सांगूनच द्या, तो ते वितळवणार आहे.